विश्लेषण : चीनचे ९४ टक्के लोक ४३ टक्के जमिनीवरच का राहतात? नव्वद वर्षांत न हललेल्या ‘हू रेषे’ची गोष्ट

सोलापूर आणि चीनमधले काशगर ही दोन शहरे नकाशावर जवळजवळ एकाच उभ्या रेषेत येतात. दोन्हींचा रेखांश ७६ अंश पूर्वच्या आसपास. त्यामुळे सूर्य दोन्हीकडे साधारण एकाच वेळी डोक्यावर येतो. मात्र त्या वेळी सोलापुरात दुपारचे साडेबारा वाजत असतात आणि काशगरच्या सरकारी घड्याळात तीन! कारण १९४९ पासून सगळ्या चीनमध्ये एकच प्रमाणवेळ चालते, ती बीजिंगची. डिसेंबरमध्ये काशगरला सूर्य उगवतो तेव्हा घड्याळात सकाळचे दहा वाजून गेलेले असतात. तिथले अनेक उइगुर लोक म्हणूनच घरात घड्याळ दोन तास मागे ठेवतात.

एवढ्या रुंद देशाला एकच वेळ देण्यामागे राजकारण आहेच. पण या वेळेचा त्रास किती जणांना होतो, हे मोजायला गेले तर आकडा फार लहान निघतो. चीनमधल्या १०० माणसांपैकी ९४ माणसे देशाच्या पूर्व आणि आग्नेय भागातल्या ४३ टक्के जमिनीवर राहतात. उरलेल्या ५७ टक्के जमिनीवर फक्त सहा. या दोन भागांना विभागणारी एक तिरपी रेषा आहे. ती कोणत्याही करारात नाही, जमिनीवर तिच्या खुणा नाहीत, पण चीनचा भूगोल शिकणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते. चीनची जमीन, इतिहास आणि माणसे एकाच वेळी समजून घ्यायची असतील, तर सुरुवात या रेषेपासून करणे सोयीचे पडते.

ही रेषा कोणी आणि कशी आखली?

हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने, १९३५ मध्ये. त्यांचा जन्म १९०१ चा, जिआंगसू प्रांतातला. पुढचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले. तेव्हा चीनमध्ये आधुनिक पद्धतीची देशव्यापी जनगणना झालेलीच नव्हती, ती पहिल्यांदा झाली १९५३ मध्ये. हू यांनी मिळतील तिथून जिल्हावार आकडे गोळा केले आणि नकाशावर टिंबे द्यायला सुरुवात केली. एक टिंब म्हणजे २० हजार माणसे. त्यांच्या हिशेबाने देशाची लोकसंख्या सुमारे ४७.५ कोटी होती, म्हणजे टिंबे झाली २३ हजारांहून अधिक. आज लॅपटॉपवर काही सेकंदांत तयार होणारा ‘डॉट मॅप’ त्यांनी हाताने काढला.

टिंबे भरल्यावर नकाशा बोलू लागला. उजवी बाजू काळीभोर, डावी जवळजवळ कोरी. ईशान्येला रशियाच्या सीमेवरील आयहुई (आताचे हेइहे) ते नैऋत्येला म्यानमारजवळचे तेंगचोंग अशी साधारण ४५ अंशांत झुकलेली सरळ रेषा त्यांनी ओढली. त्या वेळच्या नकाशात आजचा मंगोलिया देशही चीनमध्ये धरलेला होता. त्यामुळे त्यांचे मूळ आकडे होते ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के लोक. मंगोलिया वगळून नंतरच्या जनगणनांचे आकडे घातले तेव्हा ४३ आणि ९४ हे प्रमाण आले आणि ते तिथेच स्थिरावले.

या नव्वद वर्षांत चीनची लोकसंख्या जवळपास तिप्पट झाली. मध्ये जपानशी युद्ध झाले, यादवी झाली, क्रांती झाली, दुष्काळ पडला आणि जगातला सर्वांत वेगवान आर्थिक विकासही झाला. रेषेच्या दोन्ही बाजूंचे प्रमाण मात्र एक-दोन टक्क्यांपलीकडे हलले नाही.

रेषा माणसांची की पावसाची?

उत्तरेकडच्या अर्ध्या भागात तरी ती पावसाचीच आहे. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस जिथपर्यंत पडतो, ती सीमा आणि हू रेषा बऱ्याच अंतरापर्यंत हातात हात घालून जातात. ४०० मिमी म्हणजे किती, हे माणदेशातल्या शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. त्याच्या दुष्काळी पट्ट्यातही सरासरी साधारण ५०० मिमीच्या घरात असते. त्याहून कमी पावसावर नुसत्या आभाळाच्या भरवशाने धान्य पिकवणे म्हणजे जुगारच. म्हणून रेषेच्या अलीकडे नांगर आणि पलीकडे मेंढ्या-घोडे, असे शेकडो वर्षे चालत आले. चीनच्या प्रसिद्ध भिंतीचा बराचसा मार्ग याच पट्ट्याच्या आसपास आहे, हा काही योगायोग नाही. शेती जिथे संपते तिथे भिंत बांधली गेली.

नैऋत्येकडे मात्र कारण बदलते. तिथे अडसर उंचीचा आहे. चीनचा भूभाग पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पायऱ्यांनी उतरतो. सर्वांत वर तिबेटचे पठार, सरासरी उंची चार हजार मीटरहून जास्त. मधल्या पायरीवर एक-दोन हजार मीटर उंचीची पठारे आणि खोरी. खालच्या पायरीवर पूर्वेची मैदाने, बहुतेक ५०० मीटरच्या आत. पॅसिफिककडून येणारे मोसमी वारे खालच्या पायरीवर भरपूर पाऊस देतात आणि वर चढता चढता कोरडे होतात.

देशाचे क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळपास तिप्पट. पण लागवडीखालील जमीन जेमतेम १३ टक्के. भारतात ती निम्म्याच्या आसपास आहे. चीनचे सरकार १२ कोटी हेक्टर शेतजमिनीला ‘लाल रेषा’ म्हणते आणि त्याखाली आकडा जाऊ देणार नाही असे सतत बजावते, ते यामुळेच.

मग एवढ्या थोड्या जमिनीवर एवढी माणसे कशी झाली?

सुरुवात उत्तरेत, ह्वांग हो म्हणजे पीत नदीच्या खोऱ्यात झाली. वाऱ्याने आणून टाकलेली पिवळी लोएस माती भुसभुशीत, लाकडी अवजारानेही उकरता येणारी. त्यात राळ्यासारखी भरडधान्ये पिकली, वस्त्या वाढल्या, राज्ये झाली. इ.स.पूर्व २२१ मध्ये छिन घराण्याने ती एका सत्तेखाली आणली. लिपी एक केली, वजनमापे एक केली, इतकेच काय, बैलगाडीच्या दोन चाकांमधले अंतरही एक केले.

त्यानंतरच्या हान घराण्याने इ.स. २ मध्ये केलेली शिरगणती जगातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध नोंदींपैकी एक आहे. आकडा सुमारे पावणेसहा कोटी. त्यातले बहुतेक लोक उत्तरेत होते. पुढे स्वाऱ्या, यादवी आणि पूर यांच्यामुळे माणसे दक्षिणेला, यांगत्सीच्या खोऱ्याकडे सरकत गेली. दक्षिणेत भात होता, पाणी होते. राजधानी आणि सैन्य मात्र उत्तरेतच. दक्षिणेचे धान्य उत्तरेला न्यायचे म्हणून खोदला गेलेला कालवा आजही नकाशावर दिसतो, बीजिंग ते हांगचौ, सुमारे १,८०० किलोमीटर.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंग घराण्याच्या सम्राट चेनचोंगने आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्यातून आलेले भाताचे बियाणे यांगत्सीच्या भागात वाटले. हा भात लवकर यायचा आणि कमी पाण्यावर तगायचा. एका शेतात वर्षाला दोन पिके निघू लागली. सरकारने सुधारित बियाणे वाटणे ही कल्पना हजार वर्षे जुनी आहे, ती अशी.

दुसरी उडी अमेरिका खंडातून आलेल्या रताळे आणि मका या पिकांमुळे. सोळाव्या शतकात ती चीनमध्ये पोहोचली. भात जिथे होत नाही अशा डोंगरउतारांवर ती होतात. चिंग घराण्याच्या काळात १७४१ मध्ये नोंदली गेलेली लोकसंख्या १४ कोटींच्या आसपास होती, ती १८५० पर्यंत सुमारे ४३ कोटी झाली. यंत्रे नाहीत, रासायनिक खते नाहीत. डोंगर मात्र बोडके झाले, माती नद्यांत गेली आणि पूर वाढले.

वाढ कायम चढतीच होती असेही नाही. १८५० ते १८६४ च्या तायपिंग बंडात दोन ते तीन कोटी माणसे गेल्याचा अंदाज आहे. जून १९३८ मध्ये जपानी सैन्य अडवण्यासाठी चिआंग कै-शेक यांच्या सैन्याने ह्वांग होचा बांध स्वतःच फोडला. नदीने पात्र बदलले आणि लाखो शेतकरी बुडाले किंवा उपासमारीने मेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला पोहोचले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते नंतर उत्तर चीनमधल्या हेबेई भागात काम करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आणि सर्वांत मोठा घाव बसला तो शांततेच्या काळात. माओंच्या ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’नंतर १९५९ ते १९६१ मध्ये पडलेल्या दुष्काळात किमान दीड कोटी ते कमाल साडेचार कोटी मृत्यू झाल्याचे वेगवेगळे अंदाज आहेत.

‘चिनी’ म्हणजे नेमके कोण?

सरकारी यादीत ५६ समाज आहेत. त्यातला एक हान, २०२० च्या जनगणनेत ९१.११ टक्के. बाकीचे ५५ मिळून सुमारे साडेबारा कोटी. हान हे नाव वर आलेल्या हान घराण्यावरूनच पडले.

हान म्हणजे एकच भाषा बोलणारे लोक, हा मोठा गैरसमज आहे. बीजिंगची मँडरिन, शांघायची वू, हाँगकाँगची कँटोनीज, फुजियानची मिन. एकीचा बोलणारा दुसरीच्या बोलणाऱ्याला समजतोच असे नाही. जोडणारा धागा लिपीचा आहे. ‘5’ हा आकडा मराठी माणूस ‘पाच’ वाचतो, कानडी माणूस ‘ऐदु’ वाचतो, अर्थ दोघांनाही तोच कळतो. चिनी लिपीतली चिन्हे बऱ्याच अंशी अशीच चालतात. आवाज वेगळा, अर्थ एक.

खरा पेच वेगळा आहे. अल्पसंख्य समाज लोकसंख्येत नऊ टक्क्यांहून कमी असले, तरी त्यांच्यासाठी ‘स्वायत्त’ म्हणून नेमलेले प्रदेश देशाच्या ६४ टक्के जमिनीवर पसरले आहेत. यातला बहुतेक भाग हू रेषेच्या पलीकडे आहे. तेल, वायू, कोळसा, मोठ्या नद्यांची उगमस्थाने आणि भारतासह अनेक देशांच्या सीमाही तिकडेच. म्हणजे माणसे एका बाजूला आणि संपत्ती व सीमा दुसऱ्या बाजूला. बीजिंगला पश्चिमेची एवढी काळजी का, याचे उत्तर इथे आहे.

तिबेट स्वायत्त प्रदेश हा १२ लाख चौरस किलोमीटरहून मोठा, महाराष्ट्राच्या जवळपास चौपट. २०२० मध्ये तिथली लोकसंख्या होती साडेछत्तीस लाख. एकट्या पुणे महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्येच ३१ लाख होती. शिनजियांग त्याहून मोठा, १६ लाखांहून अधिक चौरस किलोमीटर, लोकसंख्या २.५८ कोटी. ‘शिनजियांग’ या शब्दाचा अर्थच ‘नवी सरहद्द’. चिंग घराण्याने १७५० च्या दशकात तो जिंकला.

सरकारने रेषा हलवायचा प्रयत्न केला नाही का?

केला, अनेकदा. शिनजियांगमध्ये १९५४ मध्ये ‘उत्पादन व बांधकाम कोअर’ स्थापन झाली. युद्धातून मोकळे झालेले सैनिक शेती करणार, कालवे खोदणार आणि सरहद्दही सांभाळणार, अशी ही निमलष्करी व्यवस्था. १९५३ मध्ये तिथे हान लोकांचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते. २०२० मध्ये ते ४२ टक्के झाले, उइगुर ४५ टक्क्यांवर आले. देशाच्या आकडेवारीत ही हालचाल दिसतही नाही, इतकी लहान आहे. पण तिथे राहणाऱ्या उइगुरांसाठी तिने गावे, बाजार आणि भाषा बदलून टाकली. त्यापुढचा अध्याय जगाला माहीत आहे. मोठ्या प्रमाणावर स्थानबद्धता, मशिदींवर निर्बंध आणि सक्तीचे संततिनियमन झाल्याचे आरोप. २०१७ मध्ये शिनजियांगमध्ये हजार लोकसंख्येमागे १५.८८ जन्म होत होते, २०१९ मध्ये ८.१४. दोन वर्षांत निम्मे! संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात’ असा निष्कर्ष नोंदवला. चीनने तो फेटाळला.

तिबेटला २००६ मध्ये रेल्वे पोहोचली. ‘पश्चिम विकास’ मोहिमेत रस्ते, विमानतळ, बोगदे झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली केचियांग यांनी बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात एका प्रदर्शनात हू रेषेचा नकाशा पाहून, ही रेषा भेदायची कशी, असा सवाल तज्ज्ञांना केला होता. त्यानंतरही प्रमाण ९४ आणि सहाच राहिले.

चीनने प्रत्यक्षात जे केले ते वेगळेच. माणसांना संसाधनांकडे नेणे जमेना, तेव्हा संसाधने माणसांकडे आणली. दक्षिणेचे पाणी उत्तरेला नेणाऱ्या योजनेचा मधला मार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. दानजिआंगकोऊ धरणातून बीजिंग-तिआनजिनकडे १,४३२ किलोमीटरचा हा कालवा जातो. शिनजियांगमधून पूर्वेच्या आनहुई प्रांतापर्यंत ११०० किलोव्होल्टची डीसी वीजवाहिनी टाकली गेली. लांबी सुमारे ३,३०० किलोमीटर, क्षमता १२ हजार मेगावॅट. इतक्या लांबवर एसीने वीज नेली तर वाटेत गळती परवडत नाही, म्हणून डीसी आणि म्हणून एवढा प्रचंड दाब. पश्चिमेचा वायूही नळांमधून शांघायपर्यंत येतो.

याच मालिकेतला पुढचा प्रकल्प भारताला थेट भिडतो. जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटमधील यारलुंग त्सांगपो नदीवर सुमारे १.२ लाख कोटी युआन खर्चाच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. हीच नदी अरुणाचल प्रदेशात सियांग आणि पुढे आसाममध्ये ब्रह्मपुत्रा होते.

आता लोकसंख्या घटते आहे, मग काय बदलले?

आकडे आधी. २०२२ मध्ये चीनची लोकसंख्या साडेआठ लाखांनी घटली. १९६१ नंतर पहिल्यांदाच. २०२३ मध्ये २०.८ लाखांनी, २०२४ मध्ये १३.९ लाखांनी. २०२४ अखेर ती सुमारे १४०.८ कोटी होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारत पुढे गेला.

यामागे ‘एक मूल’ धोरण, असे उत्तर सहसा दिले जाते. ते अर्धेच बरोबर आहे. १९७० मध्ये चिनी स्त्रीला सरासरी पावणेसहा मुले होत. ‘उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर, मोजकीच मुले’ या मोहिमेने १९७९ पर्यंत, म्हणजे एक मूल धोरण येण्याआधीच, हा आकडा तीनच्या खाली आणला होता. त्याही आधी, १९५७ मध्ये पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख, अर्थतज्ज्ञ मा यिनचू यांनी लोकसंख्या आवरा, असे सांगितले होते. त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि १९६० मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

ज्यांचे ऐकले गेले ते लोकसंख्याशास्त्रज्ञ नव्हते. सोंग जियान हे क्षेपणास्त्रांच्या नियंत्रण प्रणालीचे तज्ज्ञ. क्षेपणास्त्राचा मार्ग काढतात त्याच गणिताने त्यांनी लोकसंख्येचा मार्ग काढला. काहीच केले नाही तर २०८० पर्यंत ४०० कोटी आणि देशाला झेपेल असा आदर्श आकडा ६५ ते ७० कोटी, असे त्यांचे गणित होते. सप्टेंबर १९८० मध्ये धोरण जाहीर झाले. एकट्या १९८३ मध्ये दोन कोटींहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मुलगाच हवा या हट्टामुळे २००४ च्या सुमारास दर १०० मुलींमागे १२१ मुलगे जन्मत होते. मॉडेलमध्ये एक गोष्ट धरलेली नव्हती. क्षेपणास्त्राला मत नसते, घराला असते.

२०१६ मध्ये दोन मुलांना, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी मिळाली. परिणाम उलटा झाला. २०१६ मध्ये पावणेदोन कोटींहून अधिक बाळे जन्मली होती, २०२३ मध्ये ९०.२ लाख. २०१३ मध्ये १.३४ कोटी लग्नांची नोंद झाली, २०२४ मध्ये ६१ लाख. शहरातले घर महाग, शिकवण्या महाग, नोकरीचे तास लांब. ही तक्रार पुण्या-मुंबईतल्या जोडप्यांनाही नवी नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने तीन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन द्यायची घोषणा केली. साठीपुढच्यांची संख्या ३१ कोटींवर गेली आहे आणि निवृत्तीचे वय २०२५ पासून टप्प्याटप्प्याने वाढवले जात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजात २१०० सालची चीनची लोकसंख्या ६३ कोटी आहे. सोंग जियान यांचा ‘आदर्श’ आकडा गाठला जाईल असे दिसते, फक्त आता तो कोणालाच नको आहे.

घट झाली म्हणजे पूर्वेची गर्दी कमी होईल का?

इतक्यात तरी नाही. उलट गर्दी आणखी एकवटते आहे. २०२० मध्ये ३७.५ कोटींहून अधिक लोक आपली नोंद असलेले गाव सोडून दुसरीकडे राहत होते. १९५८ पासून चालत आलेल्या ‘हुकोऊ’ नोंदणीमुळे यातल्या अनेकांना शहरात काम मिळते, पण मुलांना सरकारी शाळेत सहज प्रवेश मिळत नाही. मग मुले गावी आजी-आजोबांकडे राहतात. ही माणसे जातात ती किनाऱ्याकडे. एकट्या ग्वांगडाँग प्रांताची लोकसंख्या २०२० मध्ये १२.६ कोटी होती. महाराष्ट्राहून बराच लहान प्रांत, माणसे आपल्या २०११ च्या जनगणनेपेक्षा जास्त.

रिकामे होते आहे ते ईशान्येकडचे तीन प्रांत. माओंच्या काळात पोलाद, कोळसा आणि तेल यांच्यासाठी देशभरातून माणसे तिथे आली, कारखाने बंद पडले तशी पुढची पिढी दक्षिणेला गेली. हू रेषेचे उत्तर टोक ज्या हेइलोंगजियांग प्रांतात आहे, त्याची लोकसंख्या २०१० मध्ये ३.८३ कोटी होती. २०२० मध्ये ती ३.१८ कोटींवर आली. त्याच प्रांतातले हेगांग हे कोळशाचे शहर २०१९ मध्ये चिनी समाजमाध्यमांवर गाजले. बीजिंगमध्ये काही महिन्यांचे भाडे होईल एवढ्या पैशांत तिथे अख्खा फ्लॅट मिळत होता. हू यांच्या नकाशात हेगांग रेषेच्या दाट बाजूला येते.